बारगिराचा भाचा

पहिला दिवस

कोलकात्याला जायला मला एकच कारण होतं आणि ते सहा महिन्यांचं होतं. धाकट्या बहिणीच्या मुलाचं अन्नप्राशन. तिचं सासर बंगाली, आणि त्यांच्या रिवाजात बाळाला पहिला भात मामानं भरवायचा. आपल्याकडेही उष्टावण मामाच्या मांडीवरच होतं. त्यामुळे आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग नवीन काय सांगून राहिले ते?" तिचे गुडघे एवढ्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते. चांदीची वाटी-चमचा, जुन्या नऊवारीची गोधडी आणि "मासा बाळाच्या ओठाला नुसता लाव, चारू नको" ही ताकीद एवढं तिनं माझ्या हवाली केलं.

छोटीच्या (घरात ती अजून छोटीच आहे) लग्नाला तीन वर्षं झाली. लग्न नागपुरात झालं आणि त्यानंतर मी तिच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. या दिवाळीला नाही तर उन्हाळ्यात, उन्हाळ्यात नाही तर पूजेला. भाऊ लोक असंच करतात.

सोबत संत्र्यांची पेटी घेतली. डिसेंबरचा पहिला आठवडा, आंबिया बहार ऐन भरात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुण्याघरी पेटी ठेवताना आमची मान जरा जास्तच ताठ असते.

गीतांजली संध्याकाळी नागपूरला येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला टेकते. २६ डिसेंबर १९७७ ला ही गाडी सुरू झाली तेव्हा तिला पहिला वर्गच नव्हता, सगळे प्रवासी एका पातळीचे. रेल्वेमंत्री होते कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते. आता गाडीला वातानुकूलित डबे आहेत आणि मी त्यातल्याच एकात पाय पसरून बसलो होतो, तेव्हा समाजवादावर मी जास्त बोलत नाही.

माझे आजोबा या मार्गाला शेवटपर्यंत बी.एन.आर. म्हणायचे. बंगाल नागपूर रेल्वे, १८८७ ची कंपनी. लहानपणी ती मला नुसती तीन अक्षरं वाटायची. त्या रात्री वरच्या बर्थवर पडल्या पडल्या लक्षात आलं की छोटीचं माहेर आणि सासर दोन्ही त्या नावात आहेत.

गोंदिया मागे पडलं आणि समोरच्या बंगाली काकांनी माकडटोपी चढवली. एसी चांगलाच थंड होता, ही त्यांच्या बाजूनं सांगायची गोष्ट. कुठले, कुठे चाललात, अशी चौकशी झाली. मी नागपूरचा, महालातला, भोसल्यांच्या वाड्याजवळचा, असं सांगितलं. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग हसले आणि "ओ, बोर्गी!" एवढंच म्हणून पांघरूण ओढून झोपले. मला वाटलं, झोपताना म्हणायचं काहीतरी असेल.

दुसरा दिवस

"दादा, टॅक्सी नको करू. लाँचनं ये," छोटीनं खरगपूरलाच फोन करून बजावलं होतं. जावईबापू स्टेशनवर घ्यायला आले. माणूस अबोल. माझ्या हातातली पेटी त्यांनी न विचारता स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गर्दीतून अशी वाट काढली की मला फक्त ती पेटी दिसत राहिली, तिच्या मागे मागे मी.

हावडा स्टेशनातून बाहेर पडलं की समोर नदी. समोर म्हणजे अगदी रस्ता ओलांडला की. आमच्या गावाला जिचं नाव पडलं त्या नाग नदीला नागपूरकर नाला म्हणून ओळखतात. त्यामुळे शहराच्या मधून एवढं पाणी वाहतंय आणि लोक त्याच्याकडे पाठ करून मोबाइल बघतायत, हे मला बघवेना. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. जलपर्णीचे हिरवे पुंजके त्यावरून सावकाश वाहत चाललेले.

लाँच पुलाखालून जाते. हावडा ब्रिज फोटोत शेकडो वेळा पाहिलेला असतो, पण त्याच्या पोटाखालून जाताना तो निराळा दिसतो. साडेसव्वीस हजार टन पोलाद, १९४३ साली वाहतुकीला खुला झालेला, आणि सगळा सांगाडा नटबोल्ट न लावता रिव्हेट ठोकून जोडलेला. खालून ते रिव्हेट रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसतात. पुलाच्या लोखंडाचे पाय लोकांच्या पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी झिजायला लागले, म्हणून त्यांना फायबरची आवरणं घालावी लागली, असं जावईबापूंनी सांगितलं. हे त्यांचं दिवसातलं पहिलं लांब वाक्य. नागपूरच्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं. खर्ऱ्याची पुडी मी वरच्या खिशातून आतल्या खिशात सरकवली.

आहिरीटोला, शोभाबाजार आणि मग आमचा बागबाजार घाट. घाटावरून वर आलं की आधी रेल्वेचे रूळ लागतात. सर्क्युलर रेल्वे नदीच्या काठाकाठानं जाते. रुळांवर एक बाई पापड वाळत घालाव्यात तशा लहान मुलांच्या चड्ड्या वाळत घालत होती. गाडी यायच्या वेळा तिला पाठ असणार.

घर गल्लीत, तीन मजली, जुनं. हिरव्या पट्ट्यांच्या उभ्या खिडक्या, आत लाल गुळगुळीत जमीन. पायाला ती इतकी गार लागते की चप्पल काढल्यावर मी दोन क्षण तिथंच उभा राहिलो. दाराबाहेर बसायला सिमेंटचा ओटा, त्याला इकडे 'रोक' म्हणतात. घरात शिरताच मोहरीच्या तेलाचा वास. पहिल्या दिवशी तो नाकाला झोंबला, तिसऱ्या दिवशी यायचा थांबला.

आणि छोटी. फोनच्या पडद्यावर रोज दिसते, तरी समोर आली तेव्हा ती बारीक झालेली वाटली. हातात शंखाची पांढरी बांगडी, तिच्याशेजारी लाल पोवळ्याची, आणि त्यांच्या मागे माहेरच्या हिरव्या काचेच्या दोन. "येऊन राहिला, येऊन राहिला म्हणता तीन वर्षं लावले तुनं," एवढं बोलून तिनं लेकरू माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती रडायला गेली होती, हे मला जेवताना तिच्या नाकावरून कळलं.

बंगालीत बहिणीच्या सासऱ्याला स्वतंत्र शब्द आहे, तालुइमोशाय. सासूला माउइमा. आपल्याकडे या नात्याला काय म्हणतात, हे आठवायला मी बराच वेळ घेतला आणि शेवटी काका-काकूवर आलो. त्यांना ते अजिबात पटलं नाही. 'काका' त्यांच्याकडे वडिलांचा भाऊ, मी त्यांचा पुतण्या कसा? 'मामा' मात्र दोन्हीकडे मामाच. तालुइमोशाय निवृत्त शिक्षक, इतिहासाचे. आमचं संभाषण तीन भाषांत चाललं आणि त्यातली एकही आम्हा दोघांना नीट येत नव्हती.

जेवणाबद्दल सांगितलंच पाहिजे. आपण ताटात सगळं एकदम वाढतो, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, आणि माणूस हवं तिथून सुरू करतो. इथं भात आणि पहिला पदार्थ, तो संपला की पुढचा. सुरुवात कडूपासून. शुक्तो नावाची कारल्याची मिश्र भाजी, दुधाळ, हलकी. मी आमटीची वाट बघत बसलो तर माउइमा समोर बसून माझ्या हाताकडे बघतायत. कडू संपल्याशिवाय डाळ येणार नव्हती.

मग मासा आला. आम्ही सावजी मटण खाणारी माणसं, तिखटाला भीत नाही, पण मटणाचं हाड दिसतं तरी. ताटात दोन तुकडे ठेवले होते. पोटाकडचा 'पेटी', काटे कमी, तो पाहुण्याला. पाठीकडचा 'गादा', काट्यांचं जंगल, तो घरच्यांना. मला हे कुणी सांगितलेलं नव्हतं आणि मी नम्रपणा म्हणून लहान दिसणारा तुकडा उचलला. तिसऱ्या घासाला घशात टोचलं. सगळं घर उभं राहिलं. माउइमांनी कोऱ्या भाताचा लिंबाएवढा गोळा केला आणि न चावता गिळ, अशी खूण केली. एक, दोन, तिसऱ्या गोळ्याला काटा गेला. छोटी दारात उभी राहून हसत होती. "लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझंही हेच झालं होतं. तुले सांगितलं असतं तर तू आला नसता."

रात्री मला माडीवरची खोली दिली. शेजारच्या खोलीत माउइमा बाळाला झोपवत होत्या. थोपटण्याचा आवाज आणि त्या ठेक्यावर एक संथ चाल. अंगाई कुठलीही असो, ऐकणाऱ्याचे डोळे मिटायला लागतात. माझेही मिटत होते. आणि मधेच तो शब्द आला. बोर्गी. मी उठून बसलो.

छोटी पाण्याचा तांब्या ठेवायला आली तेव्हा विचारलं, "त्या काय म्हणून राहिल्या?"

ती जरा घुटमळली. "दादा, जुनं गाणं आहे. सगळ्या घरी म्हणतात."

"अर्थ काय?"

"बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बारगीर आले." ती तांब्यावर पेला ठेवत राहिली. "बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कशानं भरायचा."

बारगीर. सरकारी घोड्यावर बसून लढणारा शिपाई तो बारगीर, घोडा स्वतःचा असेल तर शिलेदार. गाडीतल्या काकांचं बोर्गी म्हणजे मी होतो. आपल्याकडे मुलाला बागुलबुवा येईल म्हणून झोपवतात. इथं माझा सख्खा भाचा माझ्याच गावचे लोक येतील म्हणून झोपत होता.

तिसरा दिवस

सकाळी तालुइमोशाय पिशवी घेऊन दारात उभे. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. मी हाफ शर्टात. नागपूरच्या डिसेंबरपुढे ही हवा म्हणजे पंख्याखालची, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

बाजारात मी मासे बघत उभा राहिलो, मासेवाल्याच्या हाताखालचं हत्यार ओळखीचं निघालं म्हणून. आमच्याकडची पावशी. विळी म्हणा. तीच, फक्त चौपट मोठी, पात्याची टोकदार कमान वर गेलेली. इकडे तिला बोंटी म्हणतात. माणूस उकिडवा बसतो, पाटी पायानं दाबून धरतो, दोन्ही हातांनी मासा पात्याकडे नेतो. पातं हलतच नाही, मासा हलतो. तीन किलोची रोहू अशी दोन मिनिटांत तुकडे होऊन पडली आणि त्याचं बोलणं एका क्षणासाठीही थांबलं नाही. माझी आई तशीच बसून, तशाच पायानं दाबून पालक चिरते. तालुइमोशायांनी माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघितला, नाक मुरडलं, दुसरा घेतला. दोन शेतकरी बैलाचे दात बघतात तसा हा कार्यक्रम अर्धा तास चालला.

रस्त्याकडेला लोखंडी नळातून गढूळ पाणी सारखं वाहत होतं आणि माणसं तिथंच बादल्या भरून आंघोळी करत होती. ते गंगेचं न गाळलेलं पाणी, पिण्याचं वेगळं येतं. सकाळी सात वाजता निम्मी गल्ली साबणाच्या फेसात होती.

परत येताना मी अंगाईचा विषय काढला. छोटीनं आधीच सांगून ठेवलेलं असावं, कारण म्हातारा थांबला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "चला, तुम्हाला तुमच्या नावाची गल्ली दाखवतो."

मराठा डिच लेन. बागबाजारात आहे, खरोखर आहे. मी भिंतीवरची पाटी दोनदा वाचली. गल्ली साधी. एका दारात तुळस, एका दारात स्कूटर, वर तारांचं जाळं, एक मांजर. मी तिथं उभं राहून तुतारी वाजायची वाट बघत होतो की काय कोण जाणे. एका खिडकीतून बाईनं विचारलं, कोणाकडे जायचंय? तालुइमोशायांनी माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं आणि ती हसत खिडकीतून आत वळली. काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

मग रोकवर बसून मातीच्या भांडातला चहा घेत त्यांनी जे सांगितलं ते असं. १७४२ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर, इकडच्या तोंडी भास्कर पंडित, फौज घेऊन बंगालात उतरले. कलकत्त्यातल्या रहिवाशांनी आपल्या खर्चानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सात मैलांचा, सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत आणि काम तिथंच थांबलं. चौदा वर्षांनी १७५६ मध्ये नवाब सिराज-उद-दौला मात्र आला, तेव्हा तो अर्धवट खंदक कुणाच्या कामाला आला नाही. १७९९ मध्ये तो बुजवून वरून सर्क्युलर रोड काढला. काल स्टेशनवरून टॅक्सीनं आलो असतो तर कदाचित त्या खंदकावरूनच आलो असतो.

"पण गावं?" मी विचारलं. शहर वाचलं, गाणं मग कुणी केलं?

ते चहाच्या भांडात बघत राहिले. गावं जळाली, म्हणाले. दहा वर्षं, जवळजवळ दर साल. लोक नदी ओलांडून पूर्वेकडे पळाले. भास्कर पंडितानं त्याच साली काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली होती. नवाब अलिवर्दीखानानं पूजा चालू असतानाच छापा घातला आणि ती अर्धवट टाकून मराठ्यांना पळावं लागलं. दोन वर्षांनी १७४४ मध्ये अलिवर्दीनं भास्कर पंडिताला मानकरा गावी तहाच्या बोलण्यासाठी बोलावलं आणि तंबूतच मारलं. "दोन्हीकडचे लोक काही साधुसंत नव्हते," असं काहीसं ते बोलले. शेवटी १७५१ चा तह. ओडिशा नागपूरकरांकडे आणि बंगालची चौथ म्हणून वर्षाला बारा लाख रुपये.

"बारा लाख," ते पुन्हा म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, पावती मागतात.

मला शाळेतलं एकच वाक्य आठवत होतं, रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. स्वारी हा आपल्याकडे किती छान शब्द आहे. पालखीची स्वारी, 'स्वारी कुठं निघाली?' असं नवऱ्याला लाडानं विचारतात तीही स्वारी. दहा वर्षांची स्वारी ज्याच्या दारात उतरते त्याच्याकडे मात्र त्याचं अंगाईगीत होतं. महालात लहानाचा मोठा झालो, वाड्यासमोरून रोज सायकलनं शाळेत गेलो, पण हे पैसे कुठून यायचे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. रागावण्यासारखं त्यांच्या आवाजात काही नव्हतं. वर्गात शिकवावं तसं त्यांनी सांगितलं. माझीच मान खाली जात होती.

ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. कारण लगेच त्यांनी दुसरी बाजू लावली. अशाच एका मराठी माणसानं, सखाराम गणेश देऊस्करांनी, १९०४ साली बंगालीत 'देशेर कथा' लिहिलं, इंग्रजांनी देश कसा लुटला त्याचा हिशेब, आणि स्वदेशीच्या दिवसांत बंगाल्यांनी ते घरोघरी वाचलं. त्याच साली रवींद्रनाथांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली, आणि १९०६ मध्ये टिळक इथल्या शिवाजी उत्सवाला आले. "शिवाजी आमचा, बोर्गी तुमचे," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच इतका हसला की भांड कलंडलं.

बाकी दिवस किरकोळ. कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती, इथून पायी जवळ. दुर्गा संपलेल्या, आता सरस्वतीची तयारी. पेंढा सुतळीनं बांधून केलेले बिनडोक्याचे सांगाडे रांगेत उभे, त्यांच्यावर मातीचा पहिला थर चढत होता. येताना रसगुल्ला. तो १८६८ मध्ये नबीनचंद्र दासांनी याच बागबाजारात केला, असं बंगाली सांगतात. ओडिशावाल्यांना हे मान्य नाही, आणि आता दोघांकडेही वेगवेगळं मानांकन आहे. मी तालुइमोशायांना म्हटलं, १७५१ ते १८०३ ओडिशा आमच्याकडे होता, तेव्हा या भांडणात एक हिस्सा नागपूरचाही धरा. हा हिशेब त्यांना इतका आवडला की संध्याकाळपर्यंत तो गल्लीतल्या सगळ्या रोकांवर पोचला होता.

चौथा दिवस

सकाळपासून घरात तीसेक माणसं. भाच्याला बोटभर रुंदीची धोती, पिवळा रेशमी कुडता, कपाळावर चंदनाचे ठिपके आणि डोक्यावर शोलाचा पांढरा मुकुट, टोपोर. शोला म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका झुडपाचा गर, थर्माकोलसारखा हलका. एवढा हलका असून बाळानं तो पाच वेळा ओढून काढला. सहाव्या वेळी कुणी परत घातला नाही.

मी आईची गोधडी पाटावर पसरली, मांडी घालून बसलो आणि लेकरू मांडीवर घेतलं. चांदीच्या वाटीत पायेश, म्हणजे तांदळाची खीर, नोलेन गुळाची. हा खजुरीच्या रसाचा ताजा गूळ थंडीतच मिळतो. रंग आपल्या काकवीसारखा, वास धुरकट. मी चमच्याच्या टोकावर जेमतेम लागेल एवढी घेतली आणि त्याच्या ओठाला लावली.

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. मग जीभ बाहेर काढून तपासली. मग चमचा हिरड्यांत असा धरला की सुटेना. त्याच क्षणी शंख वाजला आणि बायांनी उलू दिला. जीभ भराभर हलवून काढलेला तो उंच, थरथरता आवाज तीस जणांच्या घरात एकदम उठतो तेव्हा अंगावर काटा येतो. बाळ दचकलं नाही, मी दचकलो. चमचा सोडवायला छोटीला यावं लागलं. खाली वाकली तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई पाहून राहिली." जावईबापूंनी फोन धरला होता आणि त्यात आई चष्मा लावून, पदर डोक्यावर घेऊन, अगदी जवळून बघत होती. पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं.

भात, डाळ, पाच प्रकारचे तळण, सगळं थेंब थेंब. मासा आईनं सांगितल्याप्रमाणे ओठाला नुसता लावला. माउइमांना तो पुरेसा वाटला नाही, हे दिसत होतं.

मग थाळी आली. पुस्तक, पेन, सोन्याची अंगठी, नोट आणि मातीचं ढेकूळ. बाळ ज्याला हात लावील ते त्याचं पुढचं आयुष्य. पेन घेतलं तर विद्वान, सोनं घेतलं तर श्रीमंत, माती घेतली तर जमीनजुमला. तालुइमोशाय पुस्तक हळूहळू पुढं सरकवत होते, छोटीनं दोनदा पकडलं. बाळानं पुस्तकाकडे ढुंकूनही बघितलं नाही. पुढं झुकलं, दोन्ही हातांनी मातीचं ढेकूळ उचललं आणि तोंडात घातलं.

क्षणभर शांतता. मग तालुइमोशाय ओरडले, "जमीन घेतली! खाऊनही टाकली! बोर्गी, शंभर टक्के बोर्गी!"

तीस माणसं हसायला लागली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी नागपूरचा असल्याचं सांगितलं गेलं आणि ती पुन्हा हसली. माउइमा बाळाच्या तोंडातून माती काढता काढता डोळे पुसत होत्या. एका आजींनी येऊन माझी हनुवटी धरली, बंगालीत बरंच काही बोलल्या आणि गेल्या. काय म्हणाल्या, असं छोटीला विचारलं. "म्हणाल्या, बारगीर एवढा मवाळ असेल असं वाटलं नव्हतं."

पाचवा दिवस

व्हिक्टोरिया मेमोरियल नाही, पार्क स्ट्रीट नाही, कालीघाट नाही. हे कळल्यावर नागपुरात लोक मला काय म्हणणार, ते मला माहीत आहे. मी कोलकाता बघितलंच नाही, बागबाजार बघितलं, तेही अर्धं.

सकाळी संत्र्यांची पेटी उघडायची राहूनच गेली होती ते छोटीच्या लक्षात आलं. घाईघाईनं फोडली. तळची आठ-दहा दबली होती. माउइमांनी एक सोलून खाल्लं, विचार केला आणि दार्जिलिंगचं जास्त गोड असतं, असा निकाल दिला. मी काही बोललो नाही. त्यांनी आणखी दोन खाल्ली.

जाताना मेट्रोनं गेलो. श्यामबाजारहून एस्प्लनेड, तिथं गाडी बदलून हावडा. देशातली पहिली मेट्रो १९८४ साली याच शहरात धावली आणि २०२४ पासून ती नदीखालूनही जाते. एस्प्लनेड सोडल्यावर थोड्या वेळानं बोगद्यात निळे दिवे लागतात, तेवढा भाग गंगेखालचा. पाऊण मिनिटाचा खेळ. डब्यातले सगळे मोबाइल काढून चित्रण करत होते, जावईबापू सोडून. तीन दिवसांपूर्वी जे पाणी मी वरून ओलांडलं होतं, ते आता डोक्यावर होतं. पलीकडे बाहेर पडायला इतके सरकते जिने चढावे लागले की दोन दबलेल्या संत्र्यांचा रस माझ्या पिशवीतून टपकायला पुरेसा वेळ मिळाला.

निघतानाचं राहिलं. दारात छोटी बाळाला घेऊन उभी होती. मी "येतो" म्हटलं. बंगालीतही जातो म्हणत नाहीत, 'आशि' म्हणतात, हे ती मला सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. मग बाळाचा हात धरून त्याच्या हातानं मला टाटा केला.

तालुइमोशाय मागून आले. हातात सुतळीनं बांधलेले चार पुठ्ठ्याचे डबे, नोलेन गुळाच्या संदेश मिठाईचे. मी नको नको म्हणत होतो, आईला मधुमेह आहे, सामान जड होतं, वगैरे. त्यांनी डबे माझ्या छातीशी लावले आणि माझे हात वरून दाबून धरले.

"घ्या," म्हणाले. "या सालची चौथ."

रायपूर आलं तेव्हा तीनच उरले होते.